गाडी थांबवायची नाही

[पहाट. माळ. बैलगाडीच्या चाकांचा आवाज.]

काळविटांच्या चित्रीकरणाला निघताना आमच्या वाटाड्या बाबांनी एकच अट घातली होती. "हरीण दिसलं की गाडी थांबवा म्हणायचं नाही. चालत्या गाडीतनं उतरायचं आन् चाकाच्या आडानं चालायचं."

बालाघाटाच्या पठारावरचा, बीड आणि धाराशिवच्या सीमेजवळचा हा माळ. कागदोपत्री पडीक. समोर, कुसळी गवताच्या वर, तीस-चाळीस पाठी दिसतायत. बैल चालतायत, पाठी हलत नाहीत.

इथल्या हरणाला बैलगाडी रोजची. चालती गाडी म्हणजे शेताला निघालेलं माणूस. थांबलेली गाडी म्हणजे आपल्याकडं बघणारं माणूस. हा फरक कळपातल्या पाडसालाही कळतो. आमच्या कॅमेरामनला कळायला दोन दिवस लागले.

[बाबांचे हात. सुतळीचा फास.]

बाबा फासेपारधी. वय सत्तरीच्या पुढं. गवतातल्या वाटेवर खुंट्या ठोकायच्या, खुंटीला फास, फासाला फास, आणि लांबून कळप हळूहळू त्या ओळीकडं वळवायचा. पळवायचा नाही, वळवायचा. शिकवलेली गाय पुढं घालून, तिच्या आडानं. हे सगळं बाबा वडिलांच्या मागं फिरून शिकले. पारध्यांवरचा इंग्रजांच्या काळातला 'गुन्हेगार जमात' हा शिक्का 1952 साली कायद्यातून गेला, लोकांच्या तोंडातून गेला नाही. बाबा जाणते होईपर्यंत 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. फास तिथंच सुटला.

माग मात्र राहिला. आम्ही त्यांना म्हटलं, नवशिक्याला शिकवाल तसं आम्हाला शिकवा, फास टाकायच्या आधीपर्यंत.

[मातीतला खुराचा ठसा.]

हा शेळीचा, पुढून बोथट. आणि हा काळविटाचा. अरुंद, पुढं सुईसारखा निमुळता. कडा अजून ढासळलेल्या नाहीत, म्हणजे आजचाच. बाबा लेंडी उचलून बोटांत दाबतात. वरून चकाकते, आतून ओली. "कळप लांब नाही."

एक गोष्ट सांगून टाकू, कारण चित्रीकरणात आम्हीही सारखे चुकत होतो. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. पण सांबर, चितळ आणि भेकर ही खरी हरणं. त्यांच्या नरांची शिंगं भरीव हाडाची, दरवर्षी गळतात, पुन्हा फुटतात. काळविटाचं पिळदार शिंग आतल्या हाडावर चढवलेल्या म्यानासारखं असतं. ते जन्मभर गळत नाही. चिंकारा याच गोतातला, आणि शेतात येणारी रोही म्हणजे नीलगायही. गळालेलं काळविटाचं शिंग सापडलं असं कुणी सांगितलं, तर त्या शिंगाचा धनी मेलेला असतो.

[कळप. एक मादी मान वर करते.]

वारा बघायला बाबांनी चिमूटभर माती सोडली. मग हसले. "हे जंगलातल्या सांबराला. हितं नाक नाही, डोळं चुकवायचं." उघड्या माळावर काळविटाची भिस्त नजरेवर. म्हणून सरळ त्याच्या रोखानं चालायचं नाही, तिरकं जायचं. टक लावून बघायचं नाही. वाकून दबा धरत जाणं तर सगळ्यात वाईट, माळावर वाकून चालतो तो लांडगा.

आणि बघायचं कुणाकडं? नवखा माणूस काळ्या नराकडं बघतो. आम्हीही पहिला दिवस त्याच्यातच घालवला. बघायचं ते कडेच्या मादीकडं. ही, डावीकडची. सगळ्यांची तोंडं गवतात आहेत, हिची मान वर. कान पुढं. आता हिनं पुढचा पाय आपटला, की समजायचं आपलं काम संपलं.

[मादी उसळते. मागोमाग कळप.]

आधी उड्या, चारी पाय एकदम हवेत, माणसाच्या उंचीएवढ्या. मग धाव. ताशी 80 किलोमीटरपर्यंत. हा वेग ज्याच्या भीतीनं आला, तो चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं 1952 साली जाहीर झालं. वेग तेवढा मागं राहिला.

[नर, एकटा. काळी पाठ, पांढरं पोट.]

कळप गेला. हा गेला नाही.

हा नर आम्ही चार सकाळी बघितला. चारही सकाळी याच जागी. पायाखाली लेंड्यांचा ढीग आहे, त्याचाच. रोज तिथंच येऊन टाकतो, कधी त्याच्यावरच बसून राहतो. माळावर कुंपण नाही, बांध नाही, पण याच्या लेखी इथपासून त्या बोरीपर्यंत त्याची हद्द आहे. डोळ्याखालची ही काळी फट बघा. ती उघडून तो काडीच्या टोकाला वास पुसून ठेवतो. आपल्याला ती नुसती काडी. दुसऱ्या नराला ती पाटी.

मादी हद्दीत आली की चाल बदलते. नाक आभाळाकडं, शिंगं पाठीला टेकलेली, घशातून घुरघुर. बाबा याला म्हणतात, "नवरदेव झाला."

[दुसरा नर येतो.]

आणि हा शेजारचा. आधी दोघं समांतर चालतात, एकमेकांकडं न बघता, बांधावरून भांडणारे भाऊबंद कोर्टात चालतात तसे. मग शिंगं अडकतात. पुढं निवेदन नाही, फक्त आवाज ऐका.

[चाळीस सेकंद. शिंगांचा आवाज.]

शिकारीच्या काळात हीच वेळ साधायची. पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपात सोडायचे. माळाचा धनी झुंजायला यायचा आणि शिंगांसकट गुंतायचा. भुकेपेक्षा त्याची हद्द त्याला पकडून द्यायची.

[गवत. गवतात पाडस.]

कॅमेरा इथं चुकून गेला. पाडस मेलेलं नाही, टाकून दिलेलंही नाही. पहिले काही दिवस आई त्याला असंच दडवून लांब चरते आणि फक्त पाजायला येते. हात लावायचा नाही, उचलून घरी न्यायचं नाही. आम्ही दहा पावलं मागं आलो.

[शेताभोवती बांधलेल्या साड्या, वाऱ्यावर.]

माळ संपतो तिथं सोयाबीन सुरू होतं. जुन्या साड्यांचं हे कुंपण हरणांसाठी आहे. कोवळी पानं एका रात्रीत जातात. भरपाईचा अर्ज वन विभागाकडं करता येतो.

[संध्याकाळ. बैलगाडी.]

परतताना कळप पुन्हा दिसला, तीच मादी कडेला. बाबांनी कासरा सैल सोडला, बैल आपल्या चालीनं चालत राहिले. मादीनं मान वर केली, आमच्याकडं बघितलं, आणि पुन्हा गवतात घातली.

"बघा," बाबा म्हणाले. "आता आपण कुणीच नाही."