हरलेल्या उमेदवाराकडची उधारी

अनामत किती जणांची गेली, हे निकालानंतर पेपरात छापून येतं. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत, की विधानसभेचे १०,००० किंवा लोकसभेचे २५,००० रुपये सरकारजमा. सरकार आपले पैसे अर्ज भरतानाच घेऊन ठेवतं. मंडप-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याला, फ्लेक्स छापणाऱ्याला, भोंगा लावून उन्हात ऑटो फिरवणाऱ्याला ही सोय नाही. आपल्या नागपूरच्या महाल-इतवारीतले असे काही लोक आज समोर बसले आहेत.

जिंकलेल्याला पुढची पाच वर्षं याच गल्ल्यांतून फिरायचं असतं, म्हणून तो निदान फोन उचलतो. हरलेल्याचे कार्यकर्ते पांगतात. ऑर्डर तोंडी दिलेली असते. पोरगा म्हणतो, भाऊंना विचारा. भाऊ म्हणतात, पक्षाकडून यायचे आहेत. पक्ष म्हणतो, आम्ही ऑर्डर दिलीच नव्हती.

कायदा याबाबत आंधळा नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे केलेला खर्च हिशेबात धरायचा, पैसे दिलेले असोत वा नसोत. १९६१ च्या निवडणूक नियमांत तर बाकी रकमेचा आणि ती ज्याला द्यायची त्याच्या नावा-पत्त्याचा वेगळा रकाना आहे. निकालापासून ३० दिवसांत हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो. तो दिलाच नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. बाकी फेडली नाही म्हणून मात्र कोणी अपात्र ठरत नाही. अमेरिकेत देणं शिल्लक असेपर्यंत प्रचार समितीला हिशेब देत राहावा लागतो. अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या १९८४ च्या प्रचाराचं देणं वीस वर्षांनंतरही कागदावर होतं.

खरी कोंडी कच्च्या बिलाची. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. त्यापलीकडचा खर्च वहीत येऊच द्यायचा नसतो, म्हणून खुर्च्या हजार आणि बिल दोनशेचं. उरलेल्या आठशे खुर्च्यांचे पैसे मागायचे कशाच्या आधारावर? मला याचा संताप येतो, कारण उमेदवाराची लबाडी झाकण्याचा भुर्दंड खुर्च्या उचलणाऱ्या मजुराच्या हजेरीतून जातो.

म्हणून ऑर्डर उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीनेच घ्या. पक्कं बिल ३० दिवसांच्या आत पोहोचवा आणि पोच घ्या. मग जिल्हा निवडणूक कार्यालयात एक रुपया भरून तो हिशेब पाहा. तो अधिकार कोणालाही आहे. तुमची बाकी दिसली, तर नक्कल काढून ठेवा. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते; तेवढ्यात देणं लेखी कबूल करून घेतलं, तर ती नव्याने सुरू होते.

तोच माणूस पुन्हा उभा राहिला, तर त्याच्या शपथपत्रातलं देण्यांचं पान वाचा. त्यात बँकांशिवाय इतर व्यक्तींचं देणंही लिहावं लागतं आणि माहिती दडवली तर कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचं नाव तिथे नसेल, तर जुन्या हिशेबाची नक्कल घेऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.