रंगवलेला चेहरा, चढा सूर

(रंगवलेला चेहरा, अगदी जवळून)

पांढऱ्या रंगाखाली चेहऱ्याची ओळखच बुजली आहे आणि डोळ्यांभोवती काळा रंग दाट भरलेला आहे. या चेहऱ्यामागचा आवाज 1973 मध्ये ब्राझीलच्या रेडिओवर पहिल्यांदा लागला, तेव्हा गाणारा पुरुष आहे की बाई, हे अनेकांना उमगले नव्हते. हे ब्राझीलचे गायक नेय मातोग्रोसो. पाराग्वेच्या सीमेवरील बेला व्हिस्ता या गावी 1941 मध्ये एका लष्करी माणसाच्या घरी त्यांचा जन्म झाला. हवाई दलात, मग ब्राझीलिया शहरातील एका रुग्णालयात त्यांनी नोकरी केली आणि पुढे चामड्याच्या वस्तू बनवून ते पोट भरू लागले.

आवाज चोरून तार सप्तकात जाणारे गायक ब्राझीलमध्ये पुष्कळ झाले. नेय यांचा आवाज मुळातच तिथे वसतो, बोलतानाही तो पातळच लागतो. त्यांच्या नटण्याविषयी जेवढे लिहिले गेले, त्याच्या निम्मेही या गळ्याविषयी लिहिले गेलेले नाही, आणि ते खटकते.

(रेकॉर्डचे वेष्टन)

किराणा मालाच्या दुकानावरून नाव घेतलेल्या ‘सेकोस ई मोल्यादोस’ या बँडच्या पहिल्या रेकॉर्डचे हे वेष्टन. पाव, कांदे आणि सॉसेज मांडलेल्या टेबलावर चार मुंडकी वाढून ठेवली आहेत: नेय, बँडचे संस्थापक जुआँव रिकार्दो, जेर्सन कोन्राद आणि ढोलवादक मार्सेलो फ्रियास. छायाचित्रकार आंतोनियो कार्लोस रोद्रिगेस यांनी हे छायाचित्र घेतले, तेव्हा फळीला भोके पाडून चौघांनी त्यांतून डोकी वर काढली आणि विटांवर बसून रात्र काढली. टेबलाखाली थंडीने पाय गारठत होते आणि वर दिव्यांच्या उष्णतेने चेहरे तापत होते, असे नेय यांनी पुढे सांगितले. चेहरा रंगवण्यामागे जपानच्या काबुकी रंगभूमीचे आकर्षण होते, पण मूळ हेतू अगदीच व्यवहारी होता: प्रसिद्धी मिळाली तरी रस्त्यावरून कुणी न ओळखता फिरता यावे. रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. व्हिनिसियस द मोराएस यांची हिरोशिमावरील कविताही तीत आहे. तिथे नेय एकही स्वर ताणत नाहीत, शब्द नुसते ठेवत जातात.

(माराकानाझिन्यो, रिओ द जानेरो, फेब्रुवारी 1974)

सभागृह खचाखच भरले आहे. छाती उघडी, कमरेला हेलकावे आणि नजर थेट प्रेक्षकांवर. देशात 1964 पासून लष्करी राजवट होती आणि गाण्यांचे शब्द आधी सेन्सॉरकडून तपासून घ्यावे लागत. कागदावरच्या ओळीवर काट मारता येते, पण या कमरेवर काट कुठे मारणार? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँड फुटला.

(1975, एकल कार्यक्रम)

आता अंगावर केस, हाडे आणि शिंगे आहेत. एकट्याने काढलेल्या पहिल्या रेकॉर्डमध्ये रानातले आवाज गाण्यांत मिसळलेले आहेत आणि त्या रानात हा माणूस अर्धा पशू, अर्धा पक्षी होऊन उभा राहतो. केवळ वेशभूषा म्हणून हे पाहिले तर हाती काहीच लागत नाही, कारण गळा, खांदे आणि बोटे इथे एकाच लयीत चालतात.

(1981)

पाराइबा प्रांतातील गीतकार आंतोनियो बारोस यांचे, मर्दानगीची फुशारकी मारणारे हे फोहो (ईशान्य ब्राझीलचे लोकसंगीत) ढंगाचे गाणे गायला नेय आधी तयार नव्हते. त्यांनी ते गायले आणि त्या फुशारकीची गंमतच झाली. प्रेक्षक हसतात, सोबत गातातही.

(पियानो)

पियानोवर आर्तुर मोरेइरा लिमा आहेत. 1986 च्या या कार्यक्रमात नेय यांच्या चेहऱ्यावर रंग नाही, अंगावर साधा सूट आहे आणि हात जवळजवळ स्थिर आहेत. रंगाखाली काय होते, असे विचारणाऱ्यांनी हे चित्रण आवर्जून पाहावे. दोन वर्षांनी एड्सने आजारी असलेल्या काझूझा या गायकाचा कार्यक्रम त्यांनी दिग्दर्शित केला. दुसऱ्या कलावंतांच्या कार्यक्रमांची प्रकाशयोजनाही ते करत आले आहेत. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडावा, हे त्यांना स्वतःच्या चेहऱ्यावरून ठाऊक होते.