बोटीत पाणी येतंय कुठून?

नमस्कार मंडळी. पुण्यात समुद्र नाही हे मलाही माहितीये, पण पवना, मुळशी, खडकवासला, तिकडे भिगवणला उजनीचं बॅकवॉटर, एवढं पाणी आजूबाजूला असताना मासेमारीचा नाद लागलेली माणसं घरी कशी बसतील, आणि त्यातल्या काहींनी हल्ली तीन-साडेतीन मीटरच्या छोट्या अॅल्युमिनियमच्या बोटी घेतल्यात. दोघांनी उचलायची, टेम्पोत टाकायची, परवानगी असेल तिथे पाण्यात सोडायची आणि मरळ म्हणा चिलापी म्हणा, जे नशिबात असेल ते घेऊन यायचं. इथपर्यंत सगळं छान. मग एक दिवस तासाभरात पाय ओले व्हायला लागतात, मासे राहतात बाजूला आणि एकजण नुसता डब्याने पाणी उपसत बसतो.

आता यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे बोहरी आळीत जायचं, हार्डवेअरवाल्याला सांगायचं की भाऊ एकदम स्ट्राँग काहीतरी द्या, आणि ती ट्यूब जिथे पाणी दिसलं तिथे आतून फासून टाकायची. कृपा करून हे करू नका. पावसाळ्यात हॉलच्या छताला ओल येते तेव्हा गच्चीवरची फट काही हॉलच्या बरोब्बर वर नसते, ती कुठेतरी पॅरापेटच्या कोपऱ्यात असते, बोटीचंही तसंच आहे. पाणी कुठूनही आत शिरलं तरी उतार धरून सगळ्यात खोल जागी, म्हणजे बहुतेक वेळा मागच्या फळीपाशी, जमा होतं. आणि एकदा सीलंट फासला की खरी फट त्याखाली झाकली जाते, पाणी दुसरीकडून वाट काढतं, मग शोधणं अजून अवघड. माझं स्पष्ट मत आहे की या कामात ऐंशी टक्के वेळ शोधण्यात जायला पाहिजे आणि वीस टक्के दुरुस्तीत.

आधी एक बघा, ती गळतीच आहे ना? पावसात उघडी ठेवलेली बोट, ओलं जाळं, चढता-उतरताना पायाबरोबर आलेलं पाणी, एवढ्यानेही तळ ओला होतो. शिवाय बऱ्याच बोटींत बाकाखाली किंवा फ्लोअरखाली फोम भरलेला असतो, जुना झाला की तो पाणी पितो आणि नंतर दिवसभर थोडं थोडं सोडत राहतो, आपल्याला वाटतं बोट गळतेय. म्हणून बोट पूर्ण वाळवा, तळाला जुने पेपर पसरा आणि काठाशीच दोरीने बांधून पाण्यात नुसती उभी करा, आत कोणी बसू नका. पेपरवर पहिला ओला डाग कुठे पडतो ते बघा. डाग पडलाच नाही तर मग वजन टाका, दोघं बसा, इंजिन लावा. माणसं बसल्यावर बोट खाली दबते आणि वरचे जोड पाण्यात जातात, म्हणजे रिकामी कोरडी आणि भरलेली गळकी असेल तर दोष त्या मधल्या पट्ट्यात शोधायचा, नाहीतर वजनाने कुठलातरी जोड उघडतोय असं समजायचं.

दुसरं म्हणजे साध्या जागा आधी. मागे पाणी सोडायचं बूच असतं, त्याचं रबर कडक होऊन चिरतं. इंजिनचे बोल्ट मागच्या फळीतून आरपार गेलेले असतात, त्यांच्याभोवतीचं सीलंट सुटतं. कोणी फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) बसवायला भोकं पाडली आणि मग जागा बदलली, ती जुनी भोकं तशीच. निम्म्या वेळा गोष्ट इथेच मिटते.

नाही मिटली तर उलटा खेळ. बोट बाहेर काढायची आणि पाणी आत भरायचं, म्हणजे आत येणारं पाणी बाहेर ठिबकताना दिसतं, आणि आपण खाली टॉर्च घेऊन आरामात बघू शकतो. पण हिशोब करा बरं का. तळ 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद धरला आणि 10 सेंटीमीटर पाणी भरलं तर ते 300 लिटर होतं, म्हणजे 300 किलो. बोट पाण्यात असते तेव्हा बाहेरचं पाणी तिला सगळीकडून सारखा आधार देतं, इथे दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, ठेवून एवढं वजन टाकलंत तर पत्रा लवेल आणि नव्या फटी तुम्हीच तयार कराल. खाली तीन-चार ठिकाणी लाकडी रीपर किंवा जुने टायर द्या, पुढची बाजू थोडी उंच ठेवा. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणार असाल तर चेअरमनना आधी सांगा, एप्रिल-मेमध्ये टँकर चालू असताना बोटीत पाईप सोडलेला दिसला तर मीटिंगच लागेल. नंतर ते पाणी झाडांना घाला, म्हणजे तोंड दाखवायला जागा राहील.

भरताना एकदम भरायचं नाही. 2-3 सेंटीमीटर भरा, थांबा, पंधरा-वीस मिनिटं द्या. बाहेरून पत्रा आधीच फडक्याने खडखडीत पुसलेला पाहिजे, आणि जोडांवरून, रिबिटांच्या (पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटच्या) रांगेवरून साधा खडू फिरवून ठेवा, ओल आली की खडूवर लगेच काळपट रेघ दिसते. थेंब कुठे पडतोय याला भुलू नका, तो कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या, पट्टीवरून हातभर घरंगळत येऊन मग पडतो. थेंब पुसायचा आणि वरच्या दिशेने बघत जायचं की पहिल्यांदा ओल कुठे फुटते, तिथे मार्करने गोल. मग पुढचे 2-3 सेंटीमीटर. ज्या पातळीला नवीन थेंब सुरू झाला ती पातळीही आतून खूण करून ठेवा. घामासारखी ओल दिसली, नक्की पाणी आहे की नुसतं दव हे कळत नसेल, तर पाण्यात जिलबीचा केशरी रंग थोडा टाका, खालचा थेंब केशरी निघाला की शंका मिटली.

एवढं करूनही काही दिसलं नाही तर एकाने वरून एकेका रिबिटाच्या शेजारी हाताच्या मुठीने दाबायचं, हलवायचं, दुसऱ्याने खालून बघायचं. स्थिर असताना बंद आणि हलल्यावर उघडणारी फट असते ना, ती अशीच सापडते. रिबिट ढिलं झालं की त्याच्या डोक्याभोवती करडं-काळं वर्तुळ दिसतं, कधी मागे ओघळ आल्यासारखी रेघ, तो अॅल्युमिनियम एकमेकांवर घासून झालेला भुगा असतो. बोट न भरताच नुसती पालथी घालून अशी वर्तुळं शोधलीत तरी संशयित सापडतात. पाण्याच्या रेषेच्या वरच्या जागांसाठी रात्री अंधारात आतून दणदणीत टॉर्च मारा आणि बाहेरून बघा, सुईच्या टोकाएवढं भोकही चमकतं. फक्त पत्र्यावर पत्रा चढलेल्या जोडातून उजेड सरळ येत नाही, तिथे हा उपाय चालत नाही.

रिबिटं ढिली होतात का, तर लाटांचा मार, इंजिनचं व्हायब्रेशन आणि आपलं ऊन. अॅल्युमिनियम तापलं की बऱ्यापैकी वाढतं, साडेतीन मीटरची बोट 30 अंशांनी तापली तर लांबीत जवळजवळ अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. गच्चीवर उघडी तापवायची आणि मग धरणाच्या गार पाण्यात सोडायची, हे वर्षानुवर्षं चाललं की जोडांवर ताण येणारच. दुसरं कारण म्हणजे धातूंचं भांडण. ओल्या तळात तांब्याच्या वायरचा तुकडा पडून राहिला किंवा अॅल्युमिनियममध्ये साधे लोखंडी बोल्ट बसवले की अॅल्युमिनियमच खायला लागतं. ओल्या कार्पेटखाली बघा, पांढरी पावडर दिसली तर नखाने खरवडा, खाली खड्डा आणि कधी कधी आरपार भोक मिळतं.

जागा सापडली की दुरुस्ती तशी सोपी. ढिलं रिबिट असेल तर एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्याने आतून हातोडीने हळूहळू आवळायचं, दणके घालायचे नाहीत. रिबिट बदलायचंच असेल तर दुकानात मिळणारं साधं पॉप रिव्हेट घेऊ नका, ते मधून पोकळ असतं, पाणी त्यातूनच येईल. बंद टोकाचं मागा आणि सीलंटमध्ये बुडवून मारा. सीलंट पॉलियुरेथेनचा घ्या, तो रबरासारखा लवचिक राहतो. एम-सील सगळ्यांच्या घरात असतं आणि धरणावर अडकलात तर ते कामाला येतंच, पण ते वाळून दगड होतं आणि आपला पत्रा लवतो, त्यामुळे कायमचा भरवसा त्यावर नको. सिलिकॉन तर नकोच, एकदा लागलं की त्या जागी नंतर दुसरं काही धड चिकटत नाही. काहीही लावायच्या आधी पत्रा स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासून, अॅसिटोनने पुसून लगेच लावा, कारण उघड्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पुन्हा धरायला वेळ लागत नाही.

तडा गेला असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि मग वेल्डिंग. गेट-ग्रिल करणाऱ्याकडे नेऊ नका, भोसरी-चिंचवडकडे आर्गॉन वायूवर टिग वेल्डिंग करणारे आहेत तिकडे न्या, आणि बोटीच्या पातळ पत्र्याचं काम आधी केलंय का ते विचारा. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं पण त्यावरचा ऑक्साइड 2000 च्या वर, आणि लोखंडासारखं ते आधी लाल होऊन इशाराही देत नाही, हात न बसलेल्याने केलं तर चिरेऐवजी मुठीएवढं भोक परत मिळेल. देताना आतला फोम आणि पेट्रोलची टाकी काढून द्या, फोमला आग लागते.

सगळं झालं की ट्यूबवर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या, घाई नको. मग पुन्हा त्याच खुणेपर्यंत पाणी भरा, पुन्हा खडू, आणि यावेळी रात्रभर ठेवा. सकाळी खडू कोरडा असला तर बोट टेम्पोत घाला, पण पहिला तास काठाजवळच, लाइफ जॅकेट घालून आणि डबा सोबत ठेवून.