सॅलीची सुई

(चित्रपटरसिकांच्या एका मंडळात डिसेंबरमध्ये चित्रपट दाखवण्याआधी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर फळ्यावर माझा विषय लिहिलाय, 'संगणक आला तरी स्टॉप मोशन का टिकली?' स्टॉप मोशन म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवत, दर वेळी एक फोटो घेत केलेला सिनेमा. त्या प्रश्नाला मी हात घालणारच आहे. पण आज आपण अशाच बाहुल्यांचा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' बघणार आहोत. हा चित्रपट पडद्यावर लागणार आणि त्यातल्या माझ्या जिवाभावाच्या तीन प्रसंगांबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार, हे काही जमायचं नाही. चिटणीसांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत. पुढच्या रांगेतल्या बालमंडळींनी हात वर करा बरं, कुणीकुणी आधी बघितलाय? बघा, मोठ्यांपेक्षा जास्त हात आहेत. म्हणजे गोष्ट सांगायला नको. हॅलोविन, म्हणजे भुताखेतांच्या सणाचं जे गाव, त्या हॅलोविन टाउनचा राजा जॅक, वर्षानुवर्षं लोकांना घाबरवून कंटाळलेला. त्याला ख्रिसमस टाउनचं दार सापडतं, आणि यंदाचा ख्रिसमस आपणच करायचा असं तो ठरवतो. एवढं पुरे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती मला वर्षानुवर्षं सलते आहे. हा चित्रपट हेन्री सेलिकने दिग्दर्शित केला. टिम बर्टनने नाही. मूळ कल्पना बर्टनची. डिस्नेत नोकरीला असताना, 1982 च्या सुमारास, त्याने एक कविता लिहिली होती, आणि दुकानातली हॅलोविनची सजावट उतरवून ख्रिसमसची चढवताना पाहिल्यावर ते सुचलं असं त्याने सांगितलंय. निर्माताही तोच. चित्रपटाच्या नावाआधी त्याचंच नाव लागतं, ते त्याचं श्रेय आहे आणि ते त्याला मिळायलाच हवं. पण चित्रीकरण चालू होतं तेव्हा तो 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये अडकलेला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्टुडिओत तीन वर्षं रोज सकाळी जाऊन उभा राहणारा माणूस सेलिक. एका महोत्सवाच्या पुस्तिकेत मीच या चित्रपटावर टिपण लिहिलं होतं. छापून आलं तेव्हा 'दिग्दर्शक' या शब्दापुढे बर्टन. मी फोन केला तर उत्तर मिळालं, 'सर, लोकांना तेच नाव माहीत असतं.' अहो, म्हणूनच तर आपण छापायचं ना!

असो. पहिला प्रसंग, दाराची मूठ.

जॅक रात्रभर चालत चालत एका रानात येतो. गोलाकार झाडं उभी आहेत आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर एकेका सणाचं दार कोरलेलं आहे. ख्रिसमसच्या झाडाच्या आकाराचं जे दार आहे, त्याला एक सोनेरी गोल मूठ आहे. जॅक तिच्याजवळ येतो आणि त्या मुठीत आपल्याला अख्खं रान दिसतं, आणि जवळजवळ येणारा जॅकचा चेहरा. दोन-चार सेकंदांचा मामला. पण या चित्रपटातल्या सर्वांत अवघड शॉट्समध्ये त्याची गणना होते. चकचकीत गोळा म्हणजे आरसाच. कॅमेरा, दिवे, वाकून उभा असलेला माणूस, सगळं त्यात दिसणार. आणि इथे तर प्रत्येक फ्रेमला त्या माणसाला पुढे व्हायचंय, बाहुली केसभर सरकवायची आहे, मागे व्हायचंय, फोटो घ्यायचाय. सेकंदाला 24 फ्रेम. चित्रपट 76 मिनिटांचा. गुणाकार करून बघा, 1,09,000 च्या वर आकडा जातो. आठवडाभर राबलं की एखादं मिनिट हाती यायचं. सेटच्या जमिनीत झाकणं ठेवलेली असायची, म्हणजे ॲनिमेटरला खालून डोकं वर काढून मधल्या बाहुलीपर्यंत पोचता यावं. एवढे हात त्या रानात वावरलेत आणि मुठीत एकही दिसत नाही.

हे 'केसभर सरकवणं' म्हणजे काय, ते मला माझ्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवरून सांगू द्या. चिटणीस, तुम्ही घड्याळ बघताय ते मला दिसतंय.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एका शाळेच्या हॉलमध्ये मी मुलांचं शिबिर घेतलं. सहावी-सातवीची चौदा मुलं. गोष्ट त्यांनीच निवडली, लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा टुणूक टुणूक भोपळा. म्हातारी शाडूची, आत तांब्याच्या तारेचा सांगाडा. लुगडं माझ्या बायकोच्या जुन्या ब्लाउजपीसचं. भोपळाही शाडूचा, वर पोस्टर कलर. आम्ही सेकंदाला 12 फ्रेम धरल्या होत्या. टेबलावर खडूने बारीक खुणा केल्या होत्या, म्हातारीचा पाय आत्ता कुठे आहे, पुढच्या फ्रेमला कुठे जायचाय. तिपाई जमिनीला चिकटपट्टीने जखडली होती. खिडक्यांना काळे कागद लावले होते, कारण सूर्य सरकला की सावली सरकते. पहिल्या दिवशी मुलं दंगा करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हॉलमध्ये इतकी शांतता होती की शटरचा आवाज ऐकू यायचा. आपण श्वास जोरात सोडला तर म्हातारी हलेल, अशी प्रत्येकाला भीती. संध्याकाळपर्यंत 61 फ्रेम झाल्या. पाच सेकंद! पोरं नाचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन मांडलेलं. चार दिवसांची लेखी परवानगी माझ्या खिशात होती. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, 'तुमचं सामान नीट ठेवलंय, काही फेकलेलं नाही.' नीट म्हणजे टेबल पुसून भिंतीला लावलेलं, तिपाई मिटवलेली, आणि म्हातारी एका खोक्यात, कॅमेऱ्याच्या वायरींखाली आडवी. एक हात वाकलेला. भोपळ्याला वरपासून खालपर्यंत भेग. खडूच्या खुणा अर्थातच गेल्या. मी आयुष्यात फार कमी वेळा एवढा संतापलोय. ज्याने टेबल पुसलं त्याच्यावर राग नव्हता. त्याने आपलं काम केलं, धूळ दिसली, पुसली. राग याचा होता की 61 फोटो घेण्याला कुणी काम समजलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावरचा एक वर्ग मिळाला. मी मुलांना म्हणालो, पहिल्यापासून करू या. तेव्हा सहावीतली एक मुलगी, दोन दिवसांत फारसं न बोललेली, म्हणाली, 'सर, पहिल्यापासून कशाला? म्हातारीला झोप लागली होती असं करू. ती उठते आणि आपण कुठे आलो तेच तिला कळत नाही.' आणि तिने तसं केलं. म्हातारी आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, मग वर पंख्याकडे. मग वाकडा झालेला हात हळूहळू सरळ करते. मग भोपळ्याची भेग बोटाने चाचपून बघते. 30 फ्रेम, अडीच सेकंद, अख्खी सकाळ. भेग ओल्या शाडूने लिंपली, पण लिंपल्याचा पट्टा शेवटपर्यंत दिसत राहिला. समारोपाला फिल्म दाखवली तेव्हा टुणूक टुणूकला लोक हसले, आणि म्हातारीने भेग चाचपली तेव्हा पालकांतून 'अगं बाई' असा आवाज आला. शाडूच्या गोळ्याला 'अगं बाई'! मी तेव्हापासून शिबिरात ती पाच-सात सेकंदं दाखवतो, दुसरं काही शिकवावं लागत नाही.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर मांडून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं टिपत राहिले. 'अंकुराची वाढ'. ते बघून पैसे घालणारा माणूस तयार झाला. पुढे 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज', आगकाड्या एक-एक करून हलवलेल्या. आपल्या सिनेमाच्या मुळाशी एक फ्रेम, मग एक फ्रेम, अशी थांबलेली माणसं आहेत.

दुसरा प्रसंग, सॅलीचा. आजचा माझा सगळा जीव या प्रसंगात आहे.

सॅली ही डॉक्टर फिंकलस्टाइनने बनवलेली चिंध्यांची बाहुली. आत पाला भरलेला, अंगभर शिवणी. आपल्या पहिल्या भेटीतच डॉक्टर तिचा हात पकडून ठेवतो. ती काय करते? खांद्याच्या शिवणीचा दोरा ओढते. हात त्याच्या हातात राहतो आणि ती पळून जाते. पुढे तो तिला वर कोंडतो, तेव्हा ती उंच खिडकीतून स्वतःला झोकून देते. खाली पडते, अवयव निखळतात. मग ती शांतपणे उठून बसते, निखळलेला हात ओढून घेते आणि सुईदोऱ्याने शिवू लागते. किंकाळी नाही, रडारड नाही. आपली आई-आजी उसवलेली उशी मांडीवर घेऊन शिवते तसं. मला सांगा, ही बाई बनवणारे कोण? दिवसभर बाहुल्यांचे निखळलेले सांधे बसवणारी, फाटलेले कपडे टाचणारी माणसं. त्यांनी त्या दृश्यात आपलंच टेबल मांडलंय. तिचे केस लांब आणि मोकळे, म्हणून हावभाव बदलायला अख्खं डोकं न बदलता फक्त चेहऱ्याचे मुखवटे बदलायचे, म्हणजे केस जागचे हलत नाहीत. जॅकची मात्र चारशेच्या आसपास डोकी होती, प्रत्येक स्वराला, प्रत्येक भावाला वेगळं.

आणि जॅकला डोळे नाहीत, लक्षात आलंय ना? नुसत्या खाचा. स्टुडिओची इच्छा होती की त्याला डोळे द्यावेत, कारण ॲनिमेशनचा पहिला धडाच तो, की डोळ्यांनी बोला. सेलिक आणि बर्टन ऐकले नाहीत. म्हणून जॅक पाठीच्या बाकाने बोलतो, लांब बोटांनी बोलतो. ख्रिसमस म्हणजे काय हे शोधायला तो प्रयोगशाळा मांडून बसतो तेव्हा ती बोटं बघा. काचेचा गोळा कुटतो आणि उकळतो, टेडी बेअर चिरतो, कागदाची घडी घालून हिमाची चांदणी कापतो, आणि उलगडून बघतो तो कोळी! मुलं हसतात. मला तिथे दर वेळी गलबलून येतं. एवढ्या प्रामाणिकपणे शोधतोय बिचारा. तो उसवत जातो आणि सॅली शिवत जाते. त्याचा सँताचा पोशाखसुद्धा तीच शिवते, हे चुकतंय असं त्याला तोंडावर सांगून. टाका मात्र एकही ढिला सोडत नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मूळ विषय.

साल 1993, 'नाइटमेअर' आला ते. याच वर्षी 'ज्युरासिक पार्क' आला. आपल्यापैकी अनेकांनी तो पुढच्या वर्षी हिंदीत बघितला असेल, मीही बघितला, खुर्चीला घट्ट धरून. त्या चित्रपटातले डायनोसोर आधी फिल टिपेट हा ॲनिमेटर बाहुल्यांच्या तंत्राने हलवणार होता. संगणकावरची चाचणी बघितल्यावर तो म्हणाला की आता मीच नामशेष झालो. दिग्दर्शक स्पीलबर्गने ते वाक्य चित्रपटात वापरलं. दृश्यपरिणामांच्या ऑस्करला 'ज्युरासिक पार्क' आणि आपला 'नाइटमेअर' समोरासमोर होते, आणि ते 'ज्युरासिक पार्क'ला गेलं. सगळ्यांनी म्हटलं, संपली ही कला. पण टिपेटला घरी पाठवलं नाही. त्याच्याकडच्या लोकांनी सांध्यासांध्यात संवेदक बसवलेले डायनोसोरचे सांगाडे केले. ॲनिमेटर ते हातांनी हलवायचे आणि संगणकातला डायनोसोर तसा हलायचा. ते ऑस्कर घेणाऱ्या चौघांत टिपेट होता. संगणकालाही वजन कसं पडतं, मान कशी वळते, हे हातांकडून शिकावं लागलं.

आणि स्टॉप मोशन टिकली ती या कारणाने, की तिथे जे दिसतं ते खरोखर टेबलावर होतं. त्याला सावली होती, धूळ बसत होती, ते पडलं की मोडत होतं. सॅलीची शिवण रंगवलेली असो की टाचलेली, कुणाच्या तरी बोटांनी ती केली आहे, हे आपल्याला कुणी न सांगता कळतं. म्हणूनच त्या हॉलमधून 'अगं बाई' आलं. सेलिकने पुढे 2009 मध्ये 'कोरलाइन' केला, तेव्हा तर संगणक हाताशी होता, तरी बाहुल्याच घेतल्या. आणि 'नाइटमेअर' 2023 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, गेला. यावर अजून बोलायचं होतं, राहू द्या.

तिसरा प्रसंग, दोन वाक्यांत. शेवटी सुटका झालेला सँता हॅलोविन टाउनवरून उडतो आणि तिथे पहिल्यांदा बर्फ पडतं. जॅकने कागद कापकापून ज्याचा कोळी केला, ते आपसूक वरून येतं, आणि ती भुतंखेतं हात पुढे करून ते झेलतात.

मुलांनो, मुठीचा शॉट सुरुवातीच्या काही गाण्यांनंतर येतो, रानात आल्यावर डोळे मिटू नका. मागच्या रांगेतल्यांनी पुढे येऊन बसावं, मूठ लहान आहे. आणि चित्रपट संपला की उठू नका. नावं पूर्ण वर जाऊ द्या. त्यातली बरीचशी त्या हातांचीच आहेत. दिवे घालवा.