वळचणीची फळी आणि गळकी पन्हाळ

श्रोतेहो, नमस्कार.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून थोडा अवकाश आहे आणि मृगाला त्याहून थोडा जास्त. नागपुरात घराच्या बाहेरच्या लाकडाला हात लावायचा तर हेच दिवस. हवेत ओल नाही, लाकूड वाळून कडक झालेलं आहे, आणि सुतार, टिनवाले अजून हाताशी सापडतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना शोधायला निघालात तर "भाऊ, आता पाऊस उघडल्यावर पाहू" एवढंच ऐकायला मिळेल.

आज बोलायचंय ते कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या कडेविषयी. महालातली, इतवारीतली जुनी घरं घ्या, सिव्हिल लाइन्समधले मध्य प्रांताच्या काळातले बंगले घ्या, किंवा पुढे उतरत्या छपराचा व्हरांडा असलेलं कुठलंही घर घ्या. वाशांच्या टोकांवर एक आडवी फळी ठोकलेली असते. कुठे ती साधी असते, कुठे कंगोरे कापलेली झालर असते. तिच्यापुढे पन्हाळ, म्हणजे छपराचं पाणी झेलून नेणारी नळी, टांगलेली. ही फळी कुजते. सुतार येतो, नवी फळी ठोकतो, रंग मारतो आणि जातो. काही पावसाळे गेले की तीही त्याच जागी कुजते. मग आपण म्हणतो, हल्लीच्या सागवानात दम राहिला नाही.

माझं म्हणणं असं की बिघाड पन्हाळीत असतो आणि दुरुस्ती होते फळीची. टिनवाला सुताराकडे बोट दाखवतो, सुतार टिनवाल्याकडे, आणि दोघं वेगवेगळ्या दिवशी येत असल्यामुळे समोरासमोर कधीच येत नाहीत. म्हणून पहिली गोष्ट, दोघांनाही एकाच दिवशी बोलवा. चहा थोडा जास्त लागेल, पण काम एकदाच होईल.

आता पाणी फळीपर्यंत पोहोचतं कसं, ते पाहू. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला हवा लागते, ऊब लागते आणि ओल लागते. हवा आणि ऊब आपल्याकडे भरपूर. अडतं ते ओलीपाशी. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असली तर बुरशीला त्यात वाढता येत नाही. आपल्या उन्हाळ्यात उघड्यावरचं लाकूड त्याहून कितीतरी कोरडं होतं. म्हणजे फळी जिथे कुजली, तिथे पावसाळाभर पाणी नुसतं लागून गेलेलं नाही, ते मुरत राहिलेलं आहे. बहुतेक वेळा ते येतं पन्हाळीच्या मागून. कवेलूची शेवटची ओळ पुरेशी पुढे आलेली नसते. थेंब कवेलूच्या काठावरून सुटून पन्हाळीत पडण्याऐवजी खालच्या अंगाने मागे सरकतो आणि फळीवरून ओघळतो. किंवा पन्हाळ मधोमध लचकलेली असते, तिच्यात पाणी साचतं आणि मागच्या काठावरून बाहेर पडतं. खालून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. फळीची पुढची बाजू रंगवलेली, छान असते. मागची बाजू कोरी, रंगाचा हात न लागलेली, आणि तिथेच सगळं चाललेलं असतं.

पाणी किती येतं याचा अंदाज आपल्याला नसतो, म्हणून एक हिशेब सांगतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराची एक पाख, म्हणजे एका बाजूचा उतार, वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद धरा. ती साधारण साडेअठरा चौरस मीटर भरते. सप्टेंबर २०२३ मधली ती रात्र आठवा, जेव्हा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. त्या एका पाखेवरून अठराशे लिटरच्या वर पाणी तुमच्या पन्हाळीत आलं असणार. पन्हाळीच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला अडकलेला असेल तर ते कुठे गेलं असेल? कडुनिंबाची पानगळ होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यानंतर फुलोरा झडतो, त्यावर मेमधली धूळ बसते, आणि पहिल्या सरीत या सगळ्याचा चिखल होतो. पिंपळाचं रोप त्यात हमखास उगवतं. माकडांनी सरकवलेल्या कवेलूंचा विषय तर वेगळाच. त्यावर माझ्यापाशी उपाय नाही, दरवर्षी कवेलू फेरताना पाहायचं इतकंच.

आपल्या शहरात लाकूड कुजण्याची आणखी एक जागा आहे आणि तिचा पावसाशी संबंध नाही. ती म्हणजे कूलरची खिडकी. मार्चअखेरपासून जूनपर्यंत रोज कूलरच्या टाकीतून, टट्टीवरून, म्हणजे बाजूंना लावलेल्या गवताच्या ओल्या पडद्यावरून, थोडं थोडं पाणी चौकटीच्या खालच्या लाकडावर उतरतं. सगळं शहर कोरडं ठणठणीत, आणि तेवढी एक पट्टी रात्रंदिवस ओली. त्यानंतर कूलर निघतो आणि लगेच पावसाळा लागतो. त्या लाकडाला वाळायला फुरसतच मिळत नाही. कूलर चौकटीला टेकवू नका. लोखंडी स्टँडवर भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, मधल्या फटीला पत्र्याची वाकवलेली पट्टी लावा, आणि ती पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती असू द्या. खिडकीच्या खालच्या लाकडाला तळाच्या अंगाने, बाहेरच्या कडेपासून बोटभर आत, एक लांब खाच पाडून घेतली तर पाणी तिथे तुटतं आणि भिंतीकडे येत नाही. जुन्या सुतारांनी केलेल्या कामात ही खाच दिसते. नव्या कामात मागून घ्यावी लागते.

आता तपासणी. शिडीवर चढा, खाली कुणीतरी शिडी धरून उभं राहिलं पाहिजे, हे गृहीत धरतो. हातात पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) घ्या आणि फळीत दाबून पाहा. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजलेल्यात सहज आत जातं. आधी सांधे, खिळ्यांच्या जागा आणि फळीची टोकं पाहा. रंग फुगलेला दिसला, ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर त्याच्या मागे नक्की काहीतरी आहे. लाकडाचे चौकोनी तुकडे पडत असतील तर ते कुजण्याचं लक्षण. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर मात्र ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त वेगळा आणि तो लाकूडकामाच्या आधी. फळी काढल्यावर वाशांची टोकंही याच पेचकसाने पाहा, कारण पन्हाळीचा खरा भार तिथे जातो.

जुना रंग खरवडताना एक काळजी घ्या. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. त्याआधीच्या थरांत किती आहे हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून रंग जाळून काढू नका, कोरडा घासू नका. पाणी मारून खरवडा, तोंडाला मास्क लावा आणि लेकरांना अंगणात येऊ देऊ नका.

कुज वरवरची, हाताच्या पंजाएवढी असेल तर सगळं भुसभुशीत लाकूड पटाशीने काढा, वाळू द्या आणि इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरा. आपल्याकडच्या मे महिन्यात इपॉक्सी पटकन घट्ट होतं, म्हणून लिंबाएवढा गोळा कालवा, तो संपला की पुढचा. पण दोन-तीन फूट लाकूड गेलं असेल तर लांबी भरत बसण्यात अर्थ नाही. तो मेकअप होतो, दुरुस्ती होत नाही. फळी कापा, आणि जिथे कुज दिसेनाशी होते तिथून आणखी सहा इंच पुढे कापा. बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. काप सरळ उभा न घेता तिरपा घ्या. तिरप्या जोडाला चिकटायला जागा जास्त मिळते आणि उन्हाने लाकूड आखडलं तरी आरपार फट पडत नाही.

नवं लाकूड लकडगंजात मिळेल. सागवान घेताना रंग पाहा. गाभ्याचा तपकिरी भाग टिकतो. कडेचा पांढुरका भाग इतर साध्या लाकडासारखाच कुजतो, मग तो सागवानाच्या भावात का घ्यायचा? जुन्या घराचं उतरवलेलं सागवान मिळालं तर फारच चांगलं. बीजाचं लाकूडही चालतं. फळी चढवण्याआधी तिला सहाही बाजूंनी प्रायमर लावा, मागच्या बाजूला तर नक्कीच. कापलेल्या तोंडाला दोन हात द्या. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः या तोंडातून. आपल्या विदर्भात जवसाची कमी नाही; उकळलेलं जवसाचं तेल या तोंडाला पाजून, ते पूर्ण वाळल्यावर प्रायमर मारला तरी चालतं. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्या वाळवा. रंगकाम सकाळी उरका. दुपारच्या तापलेल्या लाकडावर रंगाला फोड येतात.

आता पन्हाळ. पत्र्याची घ्यायची की पीव्हीसीची? इतवारीत दोन्ही मिळतात आणि दुकानदार पीव्हीसी घ्या म्हणतो. गंजत नाही, हे खरं. पण आपलं हवामान पाहा. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांच्या आसपास आणि मेच्या दुपारी पंचेचाळीसच्या पुढे. उन्हातली वस्तू तर हवेपेक्षा अधिक तापते. चाळीस अंशांच्या फरकाने तीन मीटर लांबीचं पीव्हीसी सात मिलिमीटर लांबतं. तेवढाच पत्रा दीड मिलिमीटरसुद्धा लांबत नाही. म्हणून पीव्हीसीचे सांधे पक्के चिकटवून टाकले तर एक-दोन उन्हाळ्यांत ते उघडतात किंवा पन्हाळ सापासारखी वाकते. रबराचे सरकते सांधे असतील आणि बसवणारा जागा सोडून बसवत असेल तरच ती घ्या. नाहीतर २४ गेजचा जस्ती पत्रा वाकवून घ्या. सांधा पाण्याच्या दिशेने चढवा, म्हणजे वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे. रिव्हेट मारून झाळून घ्या.

उतार दर दहा फुटांना निदान अर्धा इंच. तो डोळ्याने काढू देऊ नका, दोरी आणि लेव्हल ट्यूब लावायला सांगा. ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर आणि शक्यतो वाशाच्या टोकात, नुसत्या फळीत नको. त्यासाठी जस्ती स्क्रू वापरा, साधा खिळा गंजून सुटतो. आणि ज्या गोष्टीसाठी मी एवढं बोलतोय ती, म्हणजे पत्र्याची एक पट्टी. ती कवेलूच्या शेवटच्या ओळीखाली सरकवायची आणि पुढे पन्हाळीच्या आत वाकवायची. मग थेंब मागे गेला तरी पट्टीवरून पन्हाळीतच पडतो, फळीला शिवत नाही. टिनवाला म्हणेल, याची गरज नाही. तुम्ही म्हणा, आहे. खर्च थोडाच वाढतो.

खाली उतरणारा पाइप चार इंची ठेवा आणि त्याचं पाणी भिंतीच्या मुळाशी न सोडता दूर न्या. घरी विहीर असेल तर पहिले एक-दोन पाऊस वाहू देऊन नंतरचं पाणी गाळून तिच्यात सोडता येईल.

काम संपलं की टिनवाला पैसे मागेल. त्याला थांबवा. पाइपापासून सगळ्यात लांबच्या टोकाला, कवेलूवरून, चार-पाच बादल्या पाणी त्याला ओतायला लावा आणि स्वतः खाली उभे राहून बघा. पन्हाळीत कुठे डबकं राहिलं, मागून थेंब आला, सांधा पाझरला, तर तो शिडीवर असेपर्यंतच ब्रॅकेट वरखाली करून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही. सगळं पाणी पाइपातून आलं की उरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवा.

नमस्कार.