सहीच्या वर काय लिहिलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

डॉ. जयंत नारळीकरांचं व्याख्यान संपलं, की मुलांची व्यासपीठाकडे झुंबड उडायची. हातात वह्या, पेनं आणि सगळ्यांची एकच मागणी, "सर, सही!" नारळीकर सरांनी यावर एक तोडगा काढला होता. ते मुलांना सांगत, नुसती सही नको, मला पोस्टकार्ड पाठवा, त्यावर विज्ञानातला तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा. मी उत्तर पाठवीन आणि त्या उत्तराखाली माझी सही असेल. गर्दीत वही पुढे करायला धिटाई पुरते. प्रश्न पाठवायचा तर घरी बसून विचार करावा लागतो. त्यामुळे ज्या मुलाकडे ते उत्तर आलं, त्याच्याकडे सहीबरोबर एका खगोलशास्त्रज्ञानं केवळ त्याच्यासाठी केलेला विचारही आला.

मी शास्त्रज्ञांच्या सह्या आणि पत्रं जमवतो. या छंदात पडणाऱ्या प्रत्येकाला मी नारळीकर सरांचा हाच नियम सांगतो. सही कुणाची हे तर बघाच, पण सहीच्या वर काय लिहिलंय हे आधी बघा.

फ्रान्सिस क्रिक यांचं उदाहरण घ्या. डीएनएच्या रेणूची दुहेरी गोफासारखी रचना त्यांनी आणि जेम्स वॉटसन यांनी 1953 मध्ये उलगडली. प्रसिद्धी वाढली तशा मागण्याही वाढल्या. तेव्हा क्रिक यांनी चक्क एक छापील कार्ड करून घेतलं. आपल्या पत्राबद्दल आभार, परंतु पुढील गोष्ट करणं जमणार नाही, दिलगीर आहे, असा मजकूर आणि खाली यादी. सही पाठवणं, फोटो देणं, तुमचा आजार बरा करणं, रेडिओवर बोलणं, मुलाखत देणं, असं बरंच काही. जी मागणी असेल तिच्यापुढे खूण करायची, की झालं उत्तर.

आणि याच क्रिक यांनी 19 मार्च 1953 रोजी हातानं सात पानांचं एक पत्र लिहिलं, आपल्या बारा वर्षांच्या मुलाला. मायकेल तेव्हा शाळेच्या वसतिगृहात होता. बाबा त्याला सांगतायत, की जिम वॉटसननं आणि मी बहुधा एक फार महत्त्वाचा शोध लावलाय. मग डीएनए म्हणजे काय, त्यातल्या चार घटकांच्या जोड्या कशा जुळतात, एका रेणूपासून तसाच दुसरा कसा तयार होत असेल, हे सगळं सोप्या भाषेत, मध्ये पेनानं काढलेल्या आकृत्यांसह. हा शोध 'नेचर' नियतकालिकात छापून आला 25 एप्रिलला. म्हणजे जगाच्या महिनाभर आधी एका शाळकरी मुलाला तो कळला होता. हे पत्र नीट वाच म्हणजे तुला समजेल, घरी आलास की प्रतिकृती दाखवू, असं शेवटी लिहिलंय. 2013 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला या पत्राचा लिलाव झाला. बोली गेली 53 लाख डॉलरवर, लिलावगृहाची दलाली धरून 60 लाखांच्या वर. आता त्या पत्राखालची सही ऐका. तिथे फ्रान्सिसही नाही आणि क्रिकही नाही. तिथे आहे, 'डॅडी'.

या क्षेत्रात किमतींची एक उतरंड असते. सगळ्यात खाली कागदावरून कापून घेतलेली नुसती सही. तिच्यावर सही केलेला फोटो. मग टंकलिखित पत्र, खाली सही. त्याच्यावर हस्तलिखित पत्र. आणि सगळ्यात वर, स्वतःच्या संशोधनाबद्दल स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र. जुन्या काळी लोक पत्राखालची सही कात्रीनं कापून वहीत डकवत आणि उरलेलं पत्र फेकून देत. तसे चौकोनी तुकडे आजही बाजारात येतात. मला ते विकत घ्यावेसे वाटत नाहीत. त्यांच्या वर काय लिहिलेलं होतं, याचीच हळहळ वाटत राहते.

आइनस्टाइन यांचं नाव आल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. सही मागणाऱ्यांकडून ते पैसे घेत आणि ते धर्मादाय कामाला देत. 1922 मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात निरोप घेऊन आलेल्या माणसाला बक्षिशी देण्याऐवजी त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. अस्वस्थपणे यशामागे धावण्यापेक्षा शांत, साध्या आयुष्यात जास्त सुख आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यातल्या एकीवर होतं. ती चिठ्ठी 2017 मध्ये जेरुसलेमच्या लिलावात 15 लाख डॉलरच्या पुढे गेली. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते.

मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त भावते. सापेक्षतेवरच्या 1905 च्या मूळ निबंधाचं हस्तलिखित त्यांनी छपाईनंतर टाकून दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकार युद्धरोखे, म्हणजे युद्धखर्चासाठी लोकांकडून घेतलेल्या कर्जाचे रोखे, विकत होतं, तेव्हा त्यासाठी या हस्तलिखिताची मागणी झाली. नव्हतंच, तर देणार कुठून? मग 1943 मध्ये प्रिन्स्टनला त्यांच्या सचिव हेलन डुकास छापील निबंध मोठ्यानं वाचत गेल्या आणि चौसष्ट वर्षांचे आइनस्टाइन स्वतःचाच अडतीस वर्षांपूर्वीचा निबंध पुन्हा हातानं उतरवत गेले. एका ठिकाणी थांबून ते म्हणाले, "हे मला आणखी सोपं करून सांगता आलं असतं," असं डुकास सांगत. फेब्रुवारी 1944 मध्ये कॅन्सस सिटीत त्या प्रतीवर 65 लाख डॉलरचे रोखे विकले गेले. आज ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

एवढे पैसे जिथे, तिथे लबाडी आलीच. मिशेल शाल हे पॅरिसचे मोठे भूमितिज्ञ. 1867 मध्ये त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ पास्कल याची म्हणून काही पत्रं ठेवली. त्यांवरून गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी पास्कलनं मांडला, असं दिसत होतं. फ्रान्समध्ये केवढा आनंद! पण कुणीतरी आकडे ताडून पाहिले. पास्कल वारला 1662 मध्ये, आणि पत्रातले ग्रहांचे आकडे न्यूटनच्या ग्रंथाच्या 1726 च्या आवृत्तीतले निघाले. व्ह्रँ-ल्युका नावाच्या माणसानं शाल यांना हजारो बनावट पत्रं विकली होती. जुन्या ग्रंथांतली कोरी पानं काढून तो त्यांवर लिहीत असे. त्या ढिगात क्लिओपात्रानं सीझरला लिहिलेलं पत्रही होतं, फ्रेंच भाषेत! व्ह्रँ-ल्युकाला दोन वर्षांची कैद झाली. आयुष्यभर सिद्धता तपासणारे शाल इथे फसले, कारण ती पत्रं खरी असावीत अशी त्यांची फार इच्छा होती.

हे जुनं झालं म्हणाल, तर अगदी अलीकडचं सांगतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाकडे 1938 पासून गॅलिलिओच्या हस्ताक्षरातलं म्हणून एक पान होतं. वरच्या भागात 1609 च्या, दुर्बिणीबद्दलच्या पत्राचा मसुदा आणि खाली जानेवारी 1610 मधल्या, गुरूच्या चंद्रांच्या नोंदी. इतिहासकार निक वाइल्डिंग यांना ते पान खटकलं. दोन मजकुरांत काही महिन्यांचं अंतर, मग शाई अगदी एकसारखी कशी? मग त्यांनी कागदाच्या वॉटरमार्ककडे लक्ष वळवलं. कागद उजेडासमोर धरला की आतून उमटणारी कारखान्याची खूण म्हणजे वॉटरमार्क. त्या पानात 'बीएमओ' अशी अक्षरं होती, म्हणजे बेर्गामो गावचा कागद. ती खूण असलेला जुन्यात जुना कागद 1770 चा आणि गॅलिलिओचा मृत्यू 1642 चा. तोबिया निकोत्रा या मिलानच्या कुप्रसिद्ध बनावटखोराचं ते काम होतं. ऑगस्ट 2022 मध्ये विद्यापीठानं स्वतःच हे जाहीर केलं. शोध दडपून न ठेवल्याबद्दल मला त्या ग्रंथालयाचं कौतुक वाटतं.

आपल्याला घरीही काही गोष्टी तपासता येतात. भिंग घ्या. खरी सही वेगात झालेली असते, रेघ कुठे दाट, कुठे फिकट होत जाते. नक्कल करणाऱ्याचा हात सावकाश चालतो, मध्येच थबकतो, पेन उचलून पुन्हा टेकवल्याच्या खुणा राहतात. बॉलपेन बाजारात सर्रास मिळू लागलं 1945 नंतर. तेव्हा 1930 ची तारीख आणि बॉलपेनची सही असेल, तर हात जोडून निघून यावं. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन आहे, आणि ते साधारण 1950 च्या आसपासपासून वापरात आलं. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात? मग बहुधा यंत्रानं केलेली सही आहे. माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही. आणि विकणाऱ्याला निःसंकोच विचारा, की हा कागद कुणाकडून कुणाकडे आला? दुकानदारानं स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्रापेक्षा या प्रश्नाचं सरळ उत्तर मोलाचं.

आता थोडं आपल्या घरांबद्दल. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शिकलेली, नोकरी केलेली माणसं मराठी घरांत पुष्कळ आहेत. त्यांच्या ट्रंकांमध्ये, फायलींमध्ये, पुस्तकांच्या पहिल्या पानांवर काय काय असेल! रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा पुस्तकं उलगडून बघा. सापडलेल्या पत्राला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात फ्रेम करून टांगू नका. पावसाळ्यात कोकणात दमट हवा असते, तिथे लोखंडी ट्रंकेपेक्षा हवेशीर कपाट बरं. क्लिपा, टाचण्या काढून टाका, गंज कागद खातो. आणि हेही लक्षात असू द्या, की वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं, की 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते परस्पर परदेशी पाठवता येत नाही. शिवाय पत्राचा कागद तुमचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, तेव्हा छापण्याआधी विचारावं लागतं.

घरात सांभाळणं जमत नसेल, तर संस्थांची अभिलेखागारं आहेत. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं आहे, बेंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचं आहे. देताना एका वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, की हे पत्र कुणाला आलं, कोणत्या साली, घरात कुणी जपलं. हे सांगू शकणारी आजी किंवा काका अजून आपल्यात असतील, तर त्यांच्याशेजारी आजच बसा आणि ते बोलतील तसं उतरवून घ्या.

नमस्कार.