मुंबईत पहिल्यांदा येताय? लोकलमध्ये चढायचं राहू द्या, आधी उतरायचं शिका!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "ताई, पहिल्यांदाच मुंबईला येतोय, लोकलने जाऊ का?" बिनधास्त जा.

साध्या गोष्टी पटापट सांगते. सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे, म्हणजे दक्षिण मुंबईकडे, जाणाऱ्या गाड्यांना गर्दी, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उलट दिशेला. मोठी बॅग असेल तर या वेळा टाळा. सेकंड क्लासचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढू नका, दंड बसतो. वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाहीत, टॅक्सी घ्या आणि मीटरनेच जा. झालं.

आता मुद्द्याचं. चढायचं कसं, हे सगळेच सांगतात. पण चढायला मागची माणसं हातभार लावतात हो, उतरताना कुणी येत नाही! आपल्याला सवय एसटीची. थांबा आला की उठायचं, कंडक्टर घंटी मारतो, म्हातारं माणूस उतरेपर्यंत गाडी थांबते. लोकल थांबते वीस-तीस सेकंद. स्टेशन आल्यावर उठलात तर राहिलात.

म्हणून एक स्टेशन आधीच उठायचं. गर्दी असेल तर दोन. आणि पुढच्या माणसाला फक्त स्टेशनचं नाव विचारायचं, "दादर?" तो मान हलवेल, म्हणजे तोही उतरणार, त्याच्या मागे उभे राहा. नाही म्हणाला तर तोच बाजूला सरकून वाट देईल.

दुसरं, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हे आधी विचारा. माझी सांगलीची मावशी आली होती, तिने भरल्या डब्यात मोठ्याने विचारलं, "बायांनो, दादर कुठल्या अंगाला?" चार जणींनी एकदम हात दाखवला, एकीने तिची पिशवी धरली आणि दारापर्यंत पोचवलं. मुंबईची माणसं तोंडाने कमी बोलतात, पण विचारलंत की मदत करतात. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय, "मुंबईकर उगाच धक्के देतात." अहो, उतरायचं नसताना तुम्ही दादरला दारात उभे राहिलात, तर मागचे शंभर जण करणार काय? आत सरका. पाठीवरची सॅक पुढे घ्या. एवढं केलंत की निम्मे धक्के कमी.

तिसरं, उतरणं ठरतं ते गाडीत पाय ठेवायच्या आधी. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर फास्ट की स्लो ते बघा, कारण फास्ट गाडी मधली स्टेशनं सोडते. शिवाय कुठपर्यंतची ते बघा. कर्जतला 'एस' लिहितात आणि कसाऱ्याला 'एन', नवख्या माणसाला कसं कळणार? कल्याणनंतर या दोन्ही गाड्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आणि अंधेरी-बोरिवलीला जायचंय म्हणून संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढू नका! विरारच्या लोकांना घर गाठायचं असतं, दार भरलेलं असतं, तुम्हाला बोरिवलीला उतरता येणार नाही. बोरिवलीचीच गाडी पकडा.

नावांचाही घोळ होतो. मुंबई सेंट्रल हे स्टेशन सेंट्रल लाईनवर नाही, वेस्टर्नवर, म्हणजे चर्चगेटच्या लाईनवर आहे. वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्र्याचं लोकल स्टेशन नव्हे. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरलात तर हार्बर लाईनचं टिळकनगर स्टेशन जवळ आहे. विमानतळावरून सामान घेऊन येत असाल तर सरळ मेट्रो ३ घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावतेय, विमानतळाची दोन्ही टर्मिनल आणि सीएसएमटी तिच्यावरच आहेत.

आता लातूरहून आलेली एक कमेंट. या दादांना आईवडिलांना घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला यायचंय. दादा, फास्ट गाडीच्या भानगडीत पडू नका. दादरला सेंट्रलची स्लो घ्या, सीएसएमटीकडे जाणारी. पुढचंच स्टेशन परळ, म्हणजे दादरला चढल्यावर आत बसायला जायचंच नाही, बाजू विचारून तिथेच उभं राहायचं. दादरचे प्लॅटफॉर्म नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदललेत, सेंट्रलचे आता आठपासून सुरू होतात. कुणी जुना नंबर सांगितला तर बोर्ड बघून खात्री करा.

आणि स्टेशन चुकलंच तर चुकू द्या. चालत्या गाडीतून उडी नाही, रूळ ओलांडणं नाही. पुढच्या स्टेशनला उतरायचं, पुलावरून पलीकडे जायचं, उलटी गाडी घ्यायची. पाच-दहा मिनिटं जातात, बस. आई लेडीज डब्यात आणि वडील जनरलमध्ये बसणार असतील, तर भेटायची जागा गाडीत चढण्याआधी ठरवा. तिकीट खिडकीसमोर म्हणा, पुलाच्या जिन्यापाशी म्हणा, पण एकच. आणि आईंच्या पर्समध्ये तुमचा मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा.